‘सिस्टीम घेत नाहीये!’

बिल, पगार, रजा, स्टॉक, जीएसटी... ऑफिसातलं सगळं ज्या सॉफ्टवेअरमधून जातं, त्याच्यावर वापरणारेही वैतागलेले आणि बनवणारेही. दोन्ही पार्ट्यांना नेमकं हवंय तरी काय?

तीन शब्दांचं एक वाक्य आहे. नरिमन पॉइंटच्या एसी केबिनपासून भोसरीतल्या वर्कशॉपपर्यंत, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नाशिकच्या सातपूरपर्यंत कुठल्याही ऑफिसात दिवसातून एकदा तरी ते कानावर पडतंच. ‘सिस्टीम घेत नाहीये!’

बिल का निघालं नाही? सिस्टीम घेत नाहीये. रजा का मंजूर झाली नाही? सिस्टीम घेत नाहीये. गेटवर ट्रक तासभर उभा का? तेच! पूर्वी ऑफिसात काम अडलं की साहेबांची सही बाकी असायची. आता साहेबांनाही सिस्टीमपुढे हात जोडावे लागतात. आणि जोडतातही... दसऱ्याला सर्व्हरला झेंडूचा हार आणि कीबोर्डला हळद-कुंकू वाहणारी आपलीच तर ऑफिसं!

ही सिस्टीम म्हणजे कोण? कुठे टॅली, कुठे सॅप, कुठे ओरॅकल, झोहो, ओडू किंवा ईआरपीनेक्स्ट. खरेदी, विक्री, माल, पैसा आणि माणसं हे सगळं एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’, म्हणजे ईआरपी, हे भारदस्त नाव गार्टनर या सल्लागार कंपनीने १९९० मध्ये दिलं. नाव भारदस्त असलं तरी कल्पना साधी आहे. स्टोअरमधून एक बेअरिंग बाहेर गेलं की स्टॉक कमी व्हावा, बिल तयार व्हावं, हिशेबात नोंद पडावी आणि एकच गोष्ट चार जणांना चार वेळा लिहावी लागू नये.

कल्पना झकास, मग वैताग कशाचा?

घेणारा एक, वापरणारा दुसरा

मोबाइल आपण स्वतः निवडतो. अॅप आवडलं नाही तर दोन सेकंदांत उडवतो. ऑफिसचं सॉफ्टवेअर मात्र आपण निवडलेलं नसतं. ते निवडतात वरच्या मजल्यावरचे लोक, प्रेझेंटेशन बघून. प्रेझेंटेशनमध्ये दिसतात रंगीत गोल चार्ट आणि वर चढत जाणारे बाण. ते चार्ट ज्या माहितीवर उभे असतात ती भरायला रोज कुणाला तरी चौदा खाने असलेल्या पडद्यासमोर बसावं लागतं. ती व्यक्ती बहुधा त्या मीटिंगला नसतेच.

या क्षेत्रातलं निम्मं दुखणं इथेच आहे. विकणारा ज्याला खूश करतो तो वापरणारा नाही आणि वापरणाऱ्याला विचारलं जातं ते सगळं झाल्यावर, ट्रेनिंगच्या दिवशी, समोशाच्या प्लेटसोबत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

म्हणून आधी बंब योग्य ठिकाणी नेऊ. वापरणाऱ्यांपासून सुरुवात.

युजरची विशलिस्ट

एक : मला कळेल असं बोल! ‘अवैध इनपुट. अॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ यातून काय समजायचं? कुठलं इनपुट? अवैध का? आणि अॅडमिनिस्ट्रेटर तर गावाला गेलाय! ‘ग्राहकाचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा हवा, तुम्ही चौदा टाकलीत’ एवढं सांगितलं तर काम दहा सेकंदांत पुढे सरकतं. चूक काय झाली, कुठे झाली आणि आता काय करायचं, या तीन गोष्टी सांगणारा मेसेज. मागणी फार मोठी नाही.

दोन : सक्तीचे खाने कमी कर. रिपोर्टमध्ये हवं म्हणून कुणीतरी एक खाना सक्तीचा करतो. भरणाऱ्याकडे माहिती नसते, पण समोर माणूस उभा असतो आणि बिल तर काढायचंय. मग काय होतं? खान्यात एक टिंब पडतं, नाहीतर ‘लागू नाही’. मोबाइल नंबरच्या जागी दहा वेळा नऊ. सहा महिन्यांनी साहेब विचारतात, आपल्या इतक्या ग्राहकांचा नंबर एकच कसा? सक्तीने माहिती मिळत नाही, टिंबं मिळतात.

तीन : माझी बोटं ओळख. टॅली वापरणाऱ्या मुरलेल्या अकाउंटंटकडे एकदा बघाच. माऊस कोपऱ्यात धूळ खात पडलेला. एफ-८ म्हणजे विक्री, एफ-९ म्हणजे खरेदी, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल. नजर कागदावर आणि बोटं चालू... तबलाच जणू! असे लोक दिवसाला शेकडो नोंदी करतात. त्यांना गुळगुळीत अॅनिमेशन नको असतं, वेग हवा असतो. नवीन व्हर्जन ‘सुंदर’ करण्याच्या नादात बटणांच्या जागा हलल्या की त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातला मिठाचा डबा हलल्यासारखं होतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा चेहरामोहरा बदलला, पण सोबत ‘गो टू’ची सोयही आली : ऑल्ट आणि जी दाबा, हवं ते टाइप करा, थेट तिथे पोचा. बदल करायचाच असेल तर असा करावा. जुन्याला धक्का कमी आणि नवख्याला वाट सोपी.

चार : माझ्या देशात राहा. आपण एक लाख म्हणतो, १,००,००० लिहितो. परदेशात घडलेलं सॉफ्टवेअर सेटिंग नीट केलं नाही तर १००,००० दाखवतं आणि मोठी रक्कम आली की डोळे स्वल्पविराम मोजत बसतात. ३/४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकेसाठी ४ मार्च. आणि त्या दोन तारखांच्या मधून तर आपलं आर्थिक वर्ष बदलतं! रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, तरी प्रिंटरमधून त्या जागी चौकोन निघाल्याचं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. नावांचा घोळ वेगळाच. मराठी आडनाव इंग्रजीत लिहिण्याच्या चार तऱ्हा, त्यामुळे एकाच सप्लायरची चार खाती. एकात येणं, दुसऱ्यात देणं. सर्चला उच्चार कळला तर निम्मी डोकेदुखी थांबेल.

पाच : चूक होण्याआधी हात धर. ही मागणी किती महाग पडू शकते याचा किस्सा न्यूयॉर्कचा आहे आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन या कॉस्मेटिक्स कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर! मुद्दल बँकेच्या अंतर्गत खात्यातच राहावं यासाठी पडद्यावर तीन चौकटी भरायच्या होत्या. भरली गेली एकच. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने मंजुरी दिली आणि तिघांनाही सगळं बरोबर वाटलं. सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब. ते मूळचं आय-फ्लेक्स या मुंबईच्या कंपनीचं, पुढे ओरॅकलने विकत घेतलेलं. सुमारे ५० कोटी डॉलर परत यायला तयार नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाचा निकाल बँकेच्या विरोधात गेला, सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. तोवर दोन वर्षं गेली होती.

इथे तीन माणसं बेफिकीर होती असं म्हणून सुटता येत नाही. पडद्यावर ‘आता बँकेच्या बाहेर ९० कोटी डॉलर जातील’ एवढं मोठ्या अक्षरांत, साध्या भाषेत लिहिलेलं असतं तर तिघांपैकी एकाचा तरी हात थांबला असता.

आणि मग येतं लाडकं एक्सेल

कोट्यवधींची सिस्टीम घेतली तरी ऑफिसात सर्वाधिक दाबलं जाणारं बटण कुठलं? ‘एक्स्पोर्ट टू एक्सेल’! सिस्टीममधून माहिती बाहेर काढायची, एक्सेलमध्ये हवी तशी मळायची आणि मेलने पाठवायची. आयटीवाले डोक्याला हात लावतात, पण युजरच्या बाजूने बघा. एक्सेल कधीच म्हणत नाही की आधी तो खाना भर, मग हा. ते अडवत नाही आणि रागावतही नाही.

अडवत नाही, हाच त्याचा धोकाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गायब होते. कारण? जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. माहिती त्यापेक्षा जास्त आली आणि उरलेली मुकाट्याने गळून पडली. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला तेवढाच उशीर झाला. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत होतं. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकाचं बारसं पुन्हा करणं सोपं पडलं!

पण डेव्हलपर मंडळी, एक्सेलवर बंदी घालू नका. आपल्या ऑफिसात कोणत्या कामासाठी कोणती एक्सेल शीट चालते याची यादी करा. ती यादी म्हणजे तुमच्या सिस्टीमच्या उणिवांचा आयता नकाशा आहे. त्यासाठी कुठल्या सल्लागाराला फी द्यायला नको.

आता डेव्हलपरचं ऐका

युजरच्या मते डेव्हलपर म्हणजे हेडफोन लावून बसलेला, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणणारा प्राणी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी सीटवर पोचलेल्या त्या प्राण्याचीही एक विशलिस्ट आहे.

तिच्यावरचा पहिला मुद्दा : ‘फक्त एक छोटंसं बटण’ म्हणू नका. उदाहरण घ्या. सेल्सची मागणी असते, बिल डिलीट करायचं एक बटण द्या, बस्स. डेव्हलपरच्या डोळ्यांसमोर काय येतं बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलाची ई-इन्व्हॉइस नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते. तिथून त्या बिलाला ६४ अक्षरांचा क्रमांक मिळतो. ती नोंद पोर्टलवर रद्द करायला मुदत फक्त २४ तासांची. त्यानंतर क्रेडिट नोटच काढावी लागते. माल निघाला असेल तर ई-वे बिल आहे. समोरच्याने इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर त्याचा हिशेब आहे. आणि कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ती नोंद बंदही करता येऊ नये असा नियम आहे. म्हणजे ‘ती एंट्री उडव ना यार’ हे वाक्य आता नुसतं चुकीचं नाही, कायद्याला धरूनही नाही.

आपल्या आजोबांना हे नवीन वाटलं नसतं. कीर्द-खतावणीच्या लाल वहीत खोडरबर कधीच चालत नव्हतं. चूक झाली की एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. नवा नियम तेच सांगतो. मग मार्ग काय? युजरला खरं तर डिलीट नको असतं, चूक सुधारण्याची सोपी वाट हवी असते. ‘हे बिल चुकलंय’ असं एक बटण, जे २४ तासांच्या आत असेल तर रद्द करण्याकडे नेईल आणि नंतर असेल तर क्रेडिट नोटकडे. मागणी युजरची, नियम सरकारचा आणि मधली वाट डेव्हलपरची. पण ही वाट सापडायला दोघांनी एका टेबलावर बसायला हवं.

मुद्दा दुसरा : ‘आमच्याकडे असंच करतात’ हे प्रत्येक वेळी खरं कारण नसतं. प्रत्येक कंपनीला आपली पद्धत जगावेगळी वाटते. मग रेडिमेड शर्ट घ्यायचा आणि तो उसवून पुन्हा शिवायचा. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने हेच केलं. ते मालाचं मूल्य खरेदीच्या किमतीने धरायचे, सॅपच्या रिटेल सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या किमतीवर होती. लिडलने सवय सोडली नाही, सॉफ्टवेअर बदलायला घेतलं. २०११ मध्ये सुरू झालेला प्रकल्प २०१८ मध्ये गुंडाळला गेला. खर्चाचा आकडा सुमारे ५० कोटी युरो असल्याचं तेव्हा छापून आलं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

डेव्हलपरचं म्हणणं साधं आहे. तुमचा धंदा ज्या गोष्टीवर चालतो ती गोष्ट जरूर सांगा, तिच्यासाठी रात्री जागू. पण केवळ १९९८ पासून तसा फॉर्म आहे म्हणून तसाच पडदा हवा असेल, तर आधी त्या फॉर्मची गरज आहे का ते बघू. अशा प्रत्येक हट्टाचं ओझं पुढच्या अपग्रेडच्या डोक्यावर बसतं. सध्या पुण्या-मुंबईतल्या अनेक सॅप टीम्स हेच ओझं उचलताहेत. सॅपच्या जुन्या ईसीसी व्हर्जनचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेरपर्यंतच आहे आणि २०१५ मध्ये आलेल्या एस-फोर हानावर जाताना वीस-वीस वर्षांपूर्वी शिवलेल्या ठिगळांचा हिशेब काढावा लागतोय. ठिगळ लावणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला आणि त्याने काही लिहून ठेवलेलं नाही!

यावरून मुद्दा तिसरा : लिहून ठेवायला वेळ द्या. सॅप ही १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जर्मन इंजिनीअर्सनी सुरू केलेली कंपनी. आजही तिच्या आत कंपनी कोडच्या खान्याचं नाव ‘बुकर्स’ आणि मालाच्या नंबरचं ‘मॅटनर’ आहे, जर्मन शब्दांची लघुरूपं. एका पिढीने घाईत दिलेली नावं पन्नास वर्षं टिकतात ती अशी. पुण्यात कधीही मॅक्सम्युलर भवनची पायरी न चढलेली पोरं रोज जर्मन टाइप करतात. डेव्हलपरला डॉक्युमेंटेशनचा कंटाळा असतो हे खरं, पण वेळापत्रकात त्यासाठी एकही दिवस नसतो हेही तितकंच खरं.

मुद्दा चौथा : टेस्टिंगचे दिवस कापू नका. प्रोजेक्ट लांबला की कात्री पहिली इथेच लागते. अमेरिकेच्या हर्शी चॉकलेट कंपनीने साधारण चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं आणि जुलै १९९९ मध्ये नवी सिस्टीम सुरू केली, नेमकी हॅलोविनच्या ऑर्डर्स येण्याच्या तोंडावर. गोदामात माल होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर्स पोचवता आल्या नाहीत. आपल्याकडे ऐन दिवाळीच्या आठवड्यात चितळ्यांच्या दुकानात बाकरवडी असूनही काउंटरवर पोचली नाही तर काय होईल, याची कल्पना करा म्हणजे कळेल! तेव्हा मार्च एंडला किंवा २० तारखेला, म्हणजे मासिक जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, ‘गो-लाइव्ह’ ठेवणाऱ्या मॅनेजरला दोन्ही पार्ट्यांनी मिळून आवरावं.

हसण्यावारी नेऊ नये असं काही

इथवर वैताग, उशीर आणि पैसा यांचं बोललो. पण सॉफ्टवेअर आणि वापरणारा यांच्यातला विश्वास तुटला की काय होतं, ते ब्रिटनच्या पोस्टात दिसलं.

१९९९ पासून ब्रिटनच्या पोस्टाच्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची सिस्टीम बसवली गेली. ती बनवली होती फुजित्सुने. गावोगावी छोटं पोस्ट चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या पडद्यावर संध्याकाळी तूट दिसायला लागली. कधी काही शे पौंड, कधी हजारो. पैसे घेतलेले नसताना! हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना सांगण्यात आलं की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. कराराप्रमाणे तूट त्यांनीच भरायची. कुणी बचत मोडली, कुणी घर गहाण टाकलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काहीजण तुरुंगात गेले. काहींनी जीव दिला.

पुरावा काय? सिस्टीम म्हणते. तिथल्या न्यायालयांत कॉम्प्युटर नीटच चालतोय असं गृहीत धरलं जायचं. तो चुकतोय हे दाखवायची जबाबदारी एकट्या पोस्टमास्तरवर. आणि त्याला दिसत काय होतं, तर फक्त शेवटचा आकडा. तो कुठून आला हे बघायची सोय त्याच्याकडे नव्हती. शाखेच्या हिशेबात बाहेरून हात घालता येत होता, हे पोस्टाने वर्षानुवर्षं नाकारलं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सिस्टीममध्ये दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात फरक पडू शकत होता, असा निकाल दिला. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या संसदेने खास कायदा करून शेकडो जणांची शिक्षा एका फटक्यात रद्द केली. काहीजण ते बघायला उरले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण इतकी शब्दशः खरी क्वचितच झाली असेल.

ब्रिटन लांब आहे, पण प्रश्न आपल्या टेबलावरचाच आहे. कॅश काउंटरवर बसणारी मुलगी, स्टोअर सांभाळणारे काका, डिलिव्हरीचा हिशेब देणारा पोरगा... संध्याकाळी सिस्टीम एक आकडा सांगते आणि यांच्या खिशात दुसराच असतो, तेव्हा फरक कुणाच्या पगारातून जातो? ‘सिस्टीम चुकत नाही’ हे वाक्य आपल्याही ऑफिसात किती सहज बोललं जातं!

म्हणून दोन्ही याद्यांच्या वर एकच मागणी लिहायला हवी : हा आकडा कुठून आला, ते मला दाखव. टॅली इतकी वर्षं टिकलं याचं एक मोठं कारण हेच असावं. ताळेबंदावर उभं राहून एन्टर दाबत दाबत मूळ व्हाउचरपर्यंत खाली उतरता येतं. वहीत बोट ठेवून मागे जावं तसं.

जवळ बसणाऱ्याचं भलं होतं

चांगलं सॉफ्टवेअर कसं जन्मतं? आपल्याच देशातल्या दोन गोष्टी बघा. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना. जे होतं त्यात प्रत्येक खात्याला आकड्यांचा कोड लक्षात ठेवावा लागायचा. त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, कामाला लावलं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगातून पुढे टॅली घडलं. कोड नको, खात्याचं नाव लिहा, बस्स! भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

दुसरी गोष्ट मुंबईची. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी सिस्टीम उभी करताना या क्षेत्रातले सगळे वैताग जवळून पाहिले आणि पुढे ईआरपीनेक्स्ट बनवलं. त्याचा सगळा कोड खुला आहे. कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. दोन्ही ठिकाणी बनवणाऱ्याने वापरणाऱ्याचा त्रास ऐकीव माहितीवर नाही तर घरातच बघितला होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि जो शेजारी बसतो त्यालाही थोडं कळतं.

आता तर एआय आलंय. सॅपने २०२३ मध्ये ‘ज्यूल’ हा मदतनीस जाहीर केला, मायक्रोसॉफ्टचा कोपायलट आहे, झोहोची ‘झिया’ आहे. बिलाचा फोटो काढा, खाने आपोआप भरले जातील. ‘मागच्या तिमाहीत कुणी पैसे थकवले?’ असं बोलून विचारा, उत्तर येईल. कंटाळवाणी टायपिंग गेली तर कुणाला नकोय? पण एआयसुद्धा आत्मविश्वासाने चुकतं. तेव्हा त्यालाही तोच प्रश्न विचारायचा : हा आकडा कुठून आला? दाखवता येत नसेल, तर सही मागू नकोस.

सोमवारपासून करून बघा

*वापरणाऱ्यांनी*
• ‘चालत नाहीये’ एवढंच सांगू नका. काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या तीन ओळी आणि एक स्क्रीनशॉट पाठवा.
• बटण मागू नका, अडचण सांगा. बटण शोधायचं काम डेव्हलपरचं.
• दर आठवड्याला वेळ खाणारी तीन कामं लिहून ठेवा. नवं सॉफ्टवेअर घ्यायची चर्चा निघाली की तो कागद साहेबांपुढे ठेवा.
• पासवर्ड शेजाऱ्याला देऊ नका. नोंद तुमच्या नावावर पडते, जबाबदारीही!

*बनवणाऱ्यांनी*
• महिन्यातून एक दिवस काउंटरवर, स्टोअरमध्ये किंवा अकाउंट्समध्ये बसा. हात न लावता, नुसतं बघा.
• एरर मेसेज आईला वाचून दाखवा. तिला कळला तर पास.
• प्रत्येक सक्तीच्या खान्याला विचारा, तू कुणाला हवा आहेस?
• आकड्यामागची वाट नेहमी उघडी ठेवा.

*साहेबांनी*
• डेमोच्या मीटिंगला रोज एंट्री करणाऱ्या एकाला तरी बोलवा. शंभर नोंदींचं काम त्याच्याकडून तिथेच करून घ्या आणि घड्याळ लावा. ब्रोशरमध्ये नसलेलं सगळं अर्ध्या तासात कळेल.
• तूट दिसली की आधी सिस्टीम तपासा, मग माणूस.

ही यादी फुकट आहे, लायसन्स लागत नाही. आणि कुणी म्हणालंच की ‘सिस्टीम घेत नाहीये’, तर एवढंच विचारा : नेमकं काय घेत नाहीये, आणि का? सुधारणा त्या ‘का’पासून सुरू होते.